बांध, बुरूज आणि कवायत : प्रस्तावना

पुण्याहून सिंहगडाकडे निघाले की वाटेत खडकवासल्याचा जलाशय लागतो. चौपाटीवर कणसे खायला थांबलेल्या गर्दीला तिथे पाणी आणि डोंगर दिसतात. या पुस्तकाच्या वाचकाने मात्र तिथे उभे राहून चहूकडे नजर टाकावी. एका अंगाला सिंहगड. पाण्यापलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. १९४९ साली तिची पायाभरणी झाली आणि १९५५ च्या जानेवारीत उद्घाटन. याच पाण्यावर दुसऱ्या महायुद्धात जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याचे लष्करी शिक्षण दिले जात होते. धरणाजवळ केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. मुंबई इलाख्याने १९१६ साली सुरू केलेल्या या संस्थेत नद्यांच्या आणि बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधतात, त्यांत पाणी सोडतात आणि उद्या पाणी कुठे मारा करील ते आज पाहून ठेवतात. गिरिनगरला शस्त्रास्त्रांचे तंत्र शिकवणारी संस्था आहे. आणि १८७९ साली पुरे झालेले मूळ धरण आखले ते फाईफ नावाच्या लष्करी अभियंत्याने. दुष्काळी शेतीला कालवा हवा होता, तसेच पुण्याच्या आणि खडकीच्या छावण्यांना पाणी हवे होते. गड, छावणी, धरण, प्रयोगशाळा आणि सैनिकी विद्यालय अशी रक्षणाची सगळी रूपे महाराष्ट्रात एका दृष्टिक्षेपात क्वचितच सापडतात.

हेच धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण उभे राहत होते. ते अपुरे असतानाच त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीपाशी बांध खचू लागला, तेव्हा लष्कराचे जवान आणि धरणावरचे मजूर रात्रभर वाळूची पोती रचत राहिले. सकाळी सातच्या सुमारास पानशेत गेले आणि त्या लोंढ्याखाली दुपारी खडकवासलाही गेले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुढे पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती उठल्या त्यांत अर्धगोल छपरांच्या निसेन हट होत्या. हा घाट मुळात पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या निवाऱ्यासाठी निघालेला. पोती रचणारे हात सैन्याचे होते आणि डोक्यावरचे छप्परही सैन्याच्याच धर्तीचे.

त्याच वर्षी, पानशेतच्या आधी सुमारे तीन आठवडे, २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली होती. शत्रूपासून देश कसा राखावा हे मुलांना शिकवण्याची सोय ज्या राज्याने पुढाकार घेऊन केली, त्याच राज्यात अर्धवट बांधात पाणी अडवले गेले. या दोन गोष्टी आपण एका पानावर कधी लिहीत नाही. एकीची नोंद लष्कराच्या इतिहासात होते, दुसरीची पाटबंधाऱ्यांच्या. हा संग्रह त्या एका पानावर आणतो. माझ्या मते त्याची खरी गरज इथेच आहे.

रक्षण म्हटले की डोळ्यांपुढे तट उभा राहतो. पण तट उभारणे हा रक्षणातला सोपा भाग. एकदा पैसा, माणसे आणि इच्छा जमली की तो उभा राहतो, त्याचे उद्घाटन होते, त्यावर नाव कोरले जाते. संकट नसतानाच्या काळात रोज, दर पावसाळ्याआधी, दर भरतीनंतर त्या तटाची निगा कोण राखतो, त्या निगेचा मोबदला त्याला मिळतो का, आणि तटाच्या बाहेर कोण राहिले, हे तीन प्रश्न अवघड. पुरापासून लसीपर्यंत आणि गडापासून कवायतीच्या मैदानापर्यंत कुठेही जा, घात झाला तो बहुधा याच तीन ठिकाणी झालेला दिसतो.

मराठी वाचकाला या विषयाचे पहिले दार गडांचे. ते योग्यच आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची बारा स्थळे जागतिक वारशाच्या यादीत घेतली. साल्हेर, रायगड, राजगड, सिंधुदुर्गापासून थेट तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. गडांवर आपल्याकडे लिहिले गेलेही भरपूर. एक परंपरा भटकंतीची, गो. नी. दांडेकरांनी जिला मराठीत मानाचे स्थान दिले. दुसरी कागदपत्रांची, जी वि. का. राजवाडे, ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकांनी घडवली. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ साली मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि तह-लढायांच्या पलीकडे जाऊन गडावरच्या कारभाराकडे लक्ष वेधले. या संग्रहाला त्या तिसऱ्या वाटेचे ऋण अधिक आहे.

कारण गड चालवणे हे मुख्यतः कारभाराचे काम होते. हवालदार, सबनीस आणि कारखानीस या तिघांत अधिकार वाटलेले असत. एकाकडे किल्ल्या आणि पहारे, दुसऱ्याकडे हिशेब आणि हजेरी, तिसऱ्याकडे कोठार. एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये, ही त्यातली योजना. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ वाचताना मला दर वेळी नवल वाटते ते त्यातल्या बारकाव्यांचे. गड बांधण्याआधी पाणी पाहा. नसेल तर खडक फोडून टाकी खोदा. दारूचे कोठार राहत्या घरांजवळ नको. तटाच्या सांध्यांत उगवणारी झाडे वरचेवर काढत जा. शेवटची सूचना आज कोणत्याही गडावर जाऊन वाचावी. पिंपळ-उंबराची मुळे बुरुजांच्या चिऱ्यांत शिरून त्यांना आतून उकलत आहेत. तोफेने जे झाले नाही ते मुळे करतात, आणि त्यांच्यावरचा उपाय तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे. फार साधा आहे. कोयता घेतलेला माणूस दर वर्षी तटावर फिरला पाहिजे.

गडाच्या घेऱ्यातली माणसे इतिहासात मागे पडली. पायथ्याची मेटे (पहाऱ्याच्या चौक्या), रानवाटा, चोरवाटा रामोशी, कोळी, महार, बेरड यांच्या भरवशावर असत. गावातही तेच. रात्री गस्त घालणारा जागल्या, चोरी झाली तर माग काढून देणारा रामोशी. माग गावाच्या शिवेपर्यंत पोचवता आला नाही तर भरपाई त्याच्यावर येई. जबाबदारी एवढी, त्या बदल्यात बलुते आणि इनामाचा तुकडा. सत्तेने हे हक्क आवळत नेले तेव्हा राखणदारच बंडाला उभे राहिले. पुरंदरच्या परिसरातल्या उमाजी नाईकांचे बंड इथूनच समजते. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी दिले गेले. पुढे वसाहती कायद्याने या राखणदार जातींपैकी काहींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांची घरे राखणाऱ्यांच्या कपाळी पोलिसांच्या हजेरीचा जाच आला. या अन्यायाची सल पुस्तकातल्या लेखांमध्ये जाणवेल. ती जाणवलीच पाहिजे.

गडाइतकाच जुना आणि गडापेक्षा कितीतरी अधिक माणसांना जगवणारा रक्षणाचा दुसरा प्रकार समुद्राकाठी आहे. त्याला ना पोवाडा मिळाला ना फलक. गोव्यातली खाजन शेती आणि रायगड-रत्नागिरीची खारबंदिस्ती हा तो प्रकार. खाडीच्या पातळीखालची जमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवायची आणि तिच्यात भात पिकवायचे. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे. त्यात पिकणारे कोरगुट भात थोडा खारेपणा सोसते.

खाजनाची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. बांध चिखलाचा, आत पेंढा, खाडीच्या तोंडाला जांभ्याचे दगड. बांधाबाहेर खारफुटी राखलेली, म्हणजे लाट आधी तिच्यात मोडते आणि मग बांधाला लागते. बांधात एका जागी मानस. मानस म्हणजे जांभ्याच्या खांबांमध्ये वरून टांगलेली लाकडी झडप. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा ती आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी बाहेर रेटते तेव्हा आपोआप उघडते. ना यंत्र, ना चौकीदार. शेते मानशीच्या मागच्या खोल पोंयीकडे उतरती केलेली असतात, म्हणजे पावसाचे पाणी तिथे साठून ओहोटीची वाट पाहते. पण झडपेचे लाकूड कुजते. खेकडे बांधाला भोके पाडतात. बोटभर भोकातून पाणी झिरपू लागले की दोन-चार भरत्यांत वाट मोठी होते आणि उधाणाला बांध जातो. रायगडात याला खांड जाणे म्हणतात. एकदा खांड गेली आणि खारे पाणी शेतात बसले की पुढची काही वर्षे पीक गेले. म्हणून बांधावरून फिरून भोके शोधणे आणि ती चिखलाने बुजवणे हे या शेतीचे सर्वांत महत्त्वाचे काम.

हे काम कोणी करायचे याची गोव्यात चोख व्यवस्था होती. गावकरी, म्हणजे पोर्तुगीज अमलात जिला कोमुनिदाद म्हणू लागले ती संस्था, बांधांचा खर्च सामाईक उत्पन्नातून करी. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. पण बांधाची जबाबदारी जुन्या संस्थेकडून सुटली ती नव्या कूळसंघांच्या हाती नीट बसली नाही. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होऊ लागला. ज्याला मासळी हवी त्याला खारे पाणी आत यायला हवे असते, ज्याला भात हवे त्याला नको असते. झडप कोणाच्या हाती यावर शेताचे नशीब ठरू लागले. कोकणात गोष्ट वेगळ्या रस्त्याने त्याच वळणावर पोचली. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनी खोतांच्या विरोधात संप केला. जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली, पण मागे हटले नाहीत. खारपट्टीत राबणारा कुळवाडी आणि पिकातला मोठा वाटा उचलणारा खोत, हा त्या संपामागचा हिशेब. स्वातंत्र्यानंतर खार जमिनींसाठी कायदे झाले, सरकारी बांध आले, उघाड्या, म्हणजे तिकडच्या मानशी, सिमेंटच्या झाल्या. बांध सरकारचा झाल्यावर भोक बुजवायला अर्ज करावा लागतो. उधाण अर्जाच्या निकालापर्यंत थांबत नाही.

इंग्रजी अमलाने रक्षणाची कल्पना दोन अंगांनी बदलली. एक बदल अभियंत्याचा. नदी, समुद्र, डोंगर यांना गणिताने आवरता येते हा विश्वास. मुंबईची बेटे बांधांनी जोडली गेली, वरळीजवळची खिंड बुजवली गेली. तटबंदीची गरज संपल्यावर १८६० च्या दशकात मुंबईचा कोट पाडला गेला आणि शहर मोकळे झाले. त्या विश्वासाने खूप काही दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा बदल मात्र रक्तात भिनलेला आहे. कोण लढाऊ आणि कोण नाही हे जातीवर ठरवण्याचा.

महार सैनिक मुंबई सैन्यात पिढ्यान् पिढ्या होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धान्त सरकारी धोरण झाला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. सुभेदार रामजी सकपाळ यांच्यासारख्यांची घरे ज्या नोकरीने उभी राहिली, शिक्षणाची दारे जिने उघडली, ती नोकरीच गेली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभारली, युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडली. डॉ. आंबेडकर १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार समितीवर आले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. हा सगळा लढा बंदूक हाती घेण्यापुरता नव्हता. ज्याला देश राखण्याचा हक्क आहे तो देशाचा पुरा नागरिक, असा त्यामागचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मुलींना प्रबोधिनीच्या परीक्षेचे दार उघडले आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा तोच दावा नव्या तोंडाने मांडला गेला. सैनिकी शिक्षणावरचा विभाग या दृष्टीने वाचावा. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला काढलेली भोसला सैनिकी शाळा, स्वातंत्र्यानंतरचा राष्ट्रीय छात्रसेनेचा प्रयोग, साताऱ्याची सैनिक शाळा यांच्यामागच्या कल्पना एकमेकींशी जुळणाऱ्या नाहीत. कुणाला समाजाची जडणघडण बदलायची होती, कुणाला सैन्याला अधिकारी पुरवायचे होते, कुणाला तरुणांना शिस्त लावायची होती. त्या सगळ्यांना एका गौरवगाथेत कोंबण्याची चूक या लेखकांनी केलेली नाही.

रोगापासूनचे रक्षण हा या क्षेत्रातला तिसरा प्रांत. त्यात १८९७ सालाइतके शिकवणारे वर्ष नाही. मुंबईत आदल्या वर्षी प्लेग आला होता. वाल्डेमार हाफकिन यांनी तिथे लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या हाताखाली गोरे सोजिर घराघरांत शिरले. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली, कशाचीच तमा नव्हती. रोगी हलवले, सामान जाळले. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. याच साथीत हडपसरजवळ आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करत होत्या आणि १० मार्चला त्यांना प्लेगनेच मृत्यू आला. एकाच रोगाविरुद्ध एकाच शहरात रक्षणाच्या दोन रीती. एकीला बंदोबस्त हवा होता, दुसरीला विश्वास. तोच १८९७ चा कायदा २०२० साली करोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढला गेला. त्यामुळे हा भाग जुना म्हणून ओलांडून जाता येत नाही.

आता या विषयातल्या मतप्रवाहांविषयी. जुना प्रवाह तटाचा. संकट बाहेरून येते, त्याला अडवावे. पुराच्या बाबतीत याचा अर्थ बांध आणि धरण. त्याला पहिला अभ्यासपूर्ण छेद दिला गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलज्ञाने, १९४० च्या दशकात. पूर निसर्गाचा असला तरी त्यातले बहुतेक नुकसान माणसाच्या वसण्याच्या निवडीतून येते, असे त्याने दाखवले. बांध झाला की लोक निर्धास्त होऊन त्याला चिकटून वसतात. बांध फुटला की पूर्वीपेक्षा अधिक बुडतात. आपल्या देशात हे सत्य बिहारने भोगले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे १६० किलोमीटर तटबंध होते आणि २५ लाख हेक्टर जमीन पूरप्रवण मानली जाई. चार दशकांनी तटबंध ३,४०० किलोमीटरच्या पुढे गेले आणि पूरप्रवण जमीन ६८ लाख हेक्टरांवर. दिनेश कुमार मिश्र यांनी कोसीच्या दोन तटबंधांमध्ये अडकलेल्या गावांवर आयुष्यभर लिहिले. नदीपासून राज्य वाचवताना नदीच्या कुशीत ढकलली गेलेली ही माणसे. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमध्ये कुसहापाशी तटबंध फुटला, तेव्हा बांधामुळे सुरक्षित समजली गेलेली गावे बुडाली.

दुसरा प्रवाह नदीला जागा देण्याचा. नेदरलँड्सने १९५३ च्या समुद्री पुरानंतर जगातले अचाट बांध घातले. त्याच देशाने पुढे काही ठिकाणी बांध मागे घेऊन नद्यांना मोकळे केले. आपल्याकडे या विचाराचे रूप म्हणजे पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषेवरून आपल्याकडे जेवढी भांडणे होतात तेवढी पुरावरून होत नाहीत. रेषेच्या आत जमीन आली की तिचा भाव पडतो, म्हणून रेषा सरकवण्याची खटपट सुरू होते. कागदावर रेषा सरकते, पाणी आपल्या जागेवर येते.

तिसरा प्रवाह माणसापासून सुरू होतो. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या १९९४ च्या अहवालाने, ज्यामागे महबूब उल हक यांची दृष्टी होती, सुरक्षिततेचे माप सीमेवरून उचलून माणसाच्या ताटावर, आरोग्यावर आणि घरावर आणले. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने तेच वेगळ्या तऱ्हेने शिकवले होते. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची घरे उन्हापासून राखत होती, तीच झोपेत अंगावर आली. महाराष्ट्राने आपत्ती व्यवस्थापनाची पद्धतशीर आखणी त्यानंतर हाती घेतली. २००५ साली देशाचा कायदा आला, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले आणि त्याची एक बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला बसली. तिसऱ्या प्रवाहावर माझा एक आक्षेप आहे. सगळेच सुरक्षेत मोडले तर सगळ्यासाठी पोलीस आणि लष्कर बोलावण्याची सवय लागते, आणि लष्कराला बोलावणे म्हणजे नागरी व्यवस्था कोलमडल्याची कबुली असते. पानशेतच्या रात्री जवान आले, २०१९ साली सांगलीच्या पुरातही आले. त्यांच्या धैर्याला मनापासून वंदन करावे, पण आपल्या तयारीचे काम त्यांच्यावर ढकलू नये.

आज हे पुस्तक का, याचे उत्तर कृष्णाकाठ देईल. सांगलीत पावसाळ्यात माणसे एकमेकांना विचारतात, आयर्विनला किती फूट? पुलापाशी ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचे आकडे ३९ आणि ४३. पंचगंगेची मच्छिंद्री झाली, म्हणजे पाणी पुलाच्या ठरावीक खुणेला लागले, की जुनी माणसे सामान वर चढवायला लागतात. हे आकडे लोकांच्या तोंडी असणे हेच केवढे मोठे रक्षण आहे. २००५ चा महापूर शेकडो वर्षांतून एकदा येणारा समजून पुष्कळांनी घरे तिथेच पुन्हा बांधली. २०१९ साली आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेले. पुन्हा २०२१ आले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि सुटकेच्या वाटेवर माणसे बुडाली. बोट चालवणे, माणसे मोजून बसवणे, जॅकेट बांधल्याशिवाय दोर न सोडणे ही कवायतच आहे, आणि ती उन्हाळ्यात कोरड्या घाटावर शिकावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा दोष आपण सरकारला देतो. नदीकाठच्या प्रत्येक गावाने तो थोडा आपल्याही पदरी घ्यावा. वरच्या धरणांचा विसर्ग, अलमट्टी धरणाची पातळी, नदीपात्रातले भराव यांवर वाद चालू राहतील आणि राहावेतही. गावच्या बोटीची तपासणी त्यांच्या निकालावर अवलंबून नाही.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नावाची नदी शहरात आहे याची पुष्कळांना तेव्हा जाणीव झाली. त्यानंतर खारफुटीकडे पाहण्याची न्यायालयांची आणि शासनाची नजर बदलली. तीन वर्षांनी समुद्रातूनच दहशतवादी आले. लाठीनिशी पुढे सरसावून बंदुकीची नळी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे त्या रात्री गेले. त्यानंतर किनाऱ्याच्या गस्तीत कोळ्यांचे डोळे किती मोलाचे आहेत, हे सरकारी भाषेत येऊ लागले. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली, भोंगे वाजले, तेव्हा १९७१ च्या युद्धातली काळे कागद लावलेली खिडक्यांची तावदाने आठवणारी पिढी अजून होती. मुंबई इलाख्यात १९४६ च्या डिसेंबरात सुरू झालेले होमगार्ड आणि १९६८ चा नागरी संरक्षण कायदा यांची आठवण अशा दिवशीच होते. मधल्या वर्षांत त्या संघटनांचे काय झाले, भोंग्यांची देखभाल कोणी केली, हा प्रश्न कुणी विचारत नाही. पुस्तकातल्या एका विभागाने तो विचारला आहे.

संग्रहाची आखणी करताना संपादकांनी काळाचा क्रम मोडला. गड, खाजन, प्लेग, पलटण, पूर असे विषय आलटून पालटून येतात, आणि वाचक कुठूनही सुरुवात करू शकतो. लेखकांत इतिहासाचे अभ्यासक आहेत, जलतज्ज्ञ आहेत, निवृत्त सैनिक आहेत, आणि बांधावर काम केलेले शेतकरीही. त्यांच्यात मतभेद आहेत. धरणांवरचे दोन लेख एकमेकांच्या विरोधात उभे आहेत आणि ते तसेच ठेवले, हे मला आवडले. सैनिकी शिक्षणाबद्दलही एकमत नाही. सक्तीच्या कवायतीने नागरिक घडतो असे मानणारा लेख इथे आहे आणि त्याची कसून उलटतपासणी करणाराही.

काही गोष्टी जाणूनबुजून गाळल्या आहेत. अण्वस्त्रे, संगणकीय हल्ले, संरक्षण सामग्रीची खरेदी यांवर स्वतंत्र ग्रंथ लागतील. सीमेवरच्या युद्धांचा इतिहासही इथे नाही, तो अन्यत्र विपुल आहे. न्यायालयातला बचाव, म्हणजे गरिबाला मिळणारा वकील, हा विषय मात्र यायला हवा होता असे मला वाटते. पुढच्या आवृत्तीत संपादकांनी त्याचा विचार करावा. स्त्रियांनी रात्रीच्या रस्त्यावर स्वतःची केलेली राखण दोन लेखांत येऊन जाते, तिलाही अधिक जागा हवी होती.

प्रत्येक लेखकाला संपादकांनी एक अट घातली होती. ज्या रक्षणाबद्दल लिहाल त्याचा देखभालीचा खर्च कोण करते, देखभाल प्रत्यक्ष कोण करते आणि ते रक्षण कोणाला मिळत नाही, हे लेखात कुठेतरी आलेच पाहिजे. काहींना ही अट जाचक वाटली. एका लेखकाने गडावरचा मजकूर तीनदा नव्याने लिहिला, कारण टाक्यांतला गाळ कोण काढी याचा पत्ता कागदपत्रांत लागत नव्हता. अखेर तो पायथ्याच्या एका वाडीत तोंडी सापडला. खाजनावरच्या लेखाला जोडलेला नकाशा याच अटीतून आला. त्यात बांध जाड रेषेने दाखवले आहेत, मानशी ठिपक्यांनी, आणि मागच्या पावसाळ्यात जिथे जिथे भोके सापडली तिथे बारीक फुल्या आहेत.